बाईंचा चाळिसावा निबंध

बाईंचं प्राध्यापकपद फक्त एका माणसाने अडवून धरलं होतं, आणि तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. जगात कुठेतरी कुणीतरी आपल्या शोधनिबंधाच्या तळाशी बाईंचा दाखला द्यायचा विसरला होता, इतकंच.

संस्थेचा नियम साधा होता. ज्यांचा दाखला इतरांनी निदान चाळीस वेळा दिलाय, असे चाळीस निबंध हवेत. बाई पंचवीस वर्षं कर्करोगाच्या पेशी वाढवत होत्या. एकोणचाळीस निबंध पार पडले होते. चाळिसाव्याचे दाखले एकोणचाळीसवर आले आणि आठ महिने तिथेच ठाण मांडून बसले.

घरी बाबांना हे सगळं तोंडपाठ. बाबा निवृत्त शिंपी. रोज सकाळी, ताप उतरला का विचारावं तसं विचारायचे, "काय शहाणे, हललं का?" हलायचं नाही. तरी उत्साहाच्या भरात त्यांनी बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर निळ्या दोऱ्याने 'प्राध्यापक' भरून टाकलं आणि कोट कपाटात टांगून ठेवला.

अशात प्रयोगशाळेत पेशींची ओळख पटवणारं यंत्र आलं. बाईंनी सहज त्यात आपल्याच पेशी घातल्या. चाळिसाव्या निबंधातल्या. त्या होत्या स्वादुपिंडाच्या. निदान बाटलीवरची चिठ्ठी तसं म्हणत होती. यंत्र म्हणालं, किडनीच्या. बाईंनी तीनदा विचारून पाहिलं. यंत्र हट्टी निघालं.

ती बाटली वीस वर्षांपूर्वी त्यांना संचालकांनी दिली होती. बाईंचा तिच्यावर हा एकच निबंध होता, पण संचालकांचे स्वतःचे अकरा निबंध त्याच पेशींवर उभे होते, आणि बढतीच्या समितीचे अध्यक्षही तेच होते.

जेवताना बाईंनी सगळं बाबांना सांगितलं. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बोललं तर निबंध जाणार, आणि संचालक बिथरणार ते वेगळंच.

"माप चुकलं की उसवायचं," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक घालून मिरवायच्या आत." आणि हात धुऊन कोटावरची अक्षरं उसवायला बसले.

बाईंनी निबंध मागे घेतला आणि का घेतला ते एका पानात छापलं: माझ्या पेशी भलत्याच निघाल्या, अशा तपासल्या, तुमच्याही तपासा. दुसऱ्या दिवशी संचालक जिन्यात भेटले. त्यांनी बाईंना ओलांडून मागच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघून मान लववली.

मग गंमत सुरू झाली. त्या बाटलीची नातवंडं-पतवंडं जगभर पसरली होती. एकाने तपासलं, किडनी. दुसऱ्याने तपासलं, किडनी. तिसऱ्याकडे फुफ्फुस म्हणून नावाजलेली होती, तीही किडनी. ज्याने त्याने आपापला निबंध मागे घेतला आणि खाली अदबीने लिहिलं, बाईंनी दाखवल्याप्रमाणे. पहिल्या महिन्यात नऊ दाखले, तिसऱ्याच्या अखेरीस एकूण सव्वीस. बाबा दिवसातून सहा वेळा आकडा बघत आणि शेजाऱ्यांना सांगत, "आज अजून चौघं चुकले." शेजारी मनापासून अभिनंदन करत, कशाचं, ते विचारत नसत.

समितीच्या आदल्या संध्याकाळी त्या पानाचे दाखले एकोणचाळीस झाले, आणि थांबले. बाबा म्हणाले की या आकड्याला आपल्या घराचा पत्ता कुणी दिला, ते एकदा शोधून काढलं पाहिजे.

समितीने बाईंना समोर बसवून त्यांचा कागद उघडला. एकोणचाळीस बघून सभासद चहाच्या कपांत डोकावू लागले. संचालकांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"कागद कालचा आहे," ते म्हणाले. "आज सकाळी मी माझे अकराही निबंध मागे घेतले. अकरा वेळा यांचं नाव लिहावं लागलं मला. पन्नास धरा."

एका सभासदाने हळूच विचारलं की चूक कबूल केलेलं पान निबंधात धरायचं का.

"बाकीच्या एकोणचाळीस निबंधांशी कुणी ना कुणी भांडतंच," बाई म्हणाल्या. "हे एकच असं आहे, की ज्याच्याशी सगळे सहमत आहेत."

संध्याकाळी बाबांनी कोट काढला. उसवलेल्या अक्षरांची भोकं तशीच होती. त्यांतूनच त्यांनी पुन्हा निळा दोरा घातला, गुणगुणत, हातांत नुसता वारा शिरल्यासारखं. सकाळी बाईंनी कोट चढवला, पेन खिशात खुपसायला गेल्या. ते आत जाईना. आनंदाच्या भरात बाबांनी खिशाचं तोंडही शिवून टाकलं होतं.

"बाबा, खिसा बंद झालाय."

बाबांनी चष्म्यावरून नीट पाहिलं.

"मग लिही की आणखी एक पान, बाबा चुकले म्हणून," ते म्हणाले. "तुझी असलीच पानं चालतात."