शिट्टी वाजेपर्यंत

नवऱ्याच्या चित्रांचं प्रदर्शन म्हणजे ताईच्या हिशेबाने निव्वळ नफा होता. रात्री-अपरात्री लोकांच्या भिंती रंगवणारा माणूस एकदाचा कॅनव्हासवर येणार, चौकीत जाऊन "साहेब, पुन्हा नाही करणार ते" असं त्याच्या वतीने नाक घासणं संपणार, आणि "तुझे मिस्टर काय करतात?" या प्रश्नाला न अडखळता उत्तर देता येणार. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधल्या सगळ्या बायकांचे नवरे कुणी ना कुणी होते. हिचा मात्र ‘तसा चित्रकारच’ होता. त्या ‘तसा’तून सुटका, हा सगळ्यात मोठा फायदा.

खर्चाच्या बाजूला एकच नाव होतं. तिच्या धाकट्या भावाचं.

दाजी आणि हा मेहुणा पंधरा वर्षं जोडीने भिंती रंगवत आले होते. म्हणजे रंगवायचे दाजी. मेहुणा मागे उभा राहून पहारा द्यायचा आणि शिट्टी मारायचा. ती वाजली की स्प्रेचा डबा टाकून पळायचं. म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. चित्राखाली नावं दोघांची, त्यातही पहारेकऱ्याचं आधी, अशी त्यांच्यातली रीत. कारण आधी सापडतो तो.

प्रदर्शन भरवणाऱ्या गॅलरीवाल्या मॅडमनी शिट्टीचं नाव गाळलं. "दाराशी उभं राहणारा कलाकार असेल, तर आमच्या वॉचमनचंही नाव घालते," असं म्हणून त्या गोड हसल्या, आणि दाजींनी करारावर निमूट सही केली. त्या दिवसापासून शिट्टीने बहिणीच्या घरचा चहा सोडला.

मॅडमनी गोदामावरची एक उजेडाची खोली दिली, आठ कॅनव्हास दिले. ताई जेवण घेऊन गेली तर पहिल्याच कॅनव्हासवर खिडकीतून चादर झटकणारी बाई अशी उतरली होती की ताई दारातच थबकली.

"अहो, झालं की हे!"

"थोडं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी बाईच्या कानात डूल आले, चादरीवर फुलं आली, खिडकीत कबुतरं येऊन बसली. तिसऱ्या दिवशी बाईच सापडेना. मग दाजींनी दुसरा कॅनव्हास घेतला, आणि त्याचाही रंग चार दिवसांत शिळ्या भाजीसारखा झाला.

"थांबत का नाही तुम्ही?"

"कुठे थांबायचं तेच कळत नाही गं."

तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने आजवर एकही चित्र स्वतःहून संपवलेलं नव्हतं. सगळी शिट्टीने संपवली होती.

तिने लॅबमधून रजा काढली आणि स्वतः दाराशी ठाण मांडलं. तोंडात दोन बोटं घालून फुंकलं, तर थुंकीच उडाली. मग खेळाच्या दुकानातून शिट्टी आणून कान फाटेस्तोवर वाजवली. दाजींनी मागे बघून "काय गं, भूक लागली का?" असं विचारलं आणि पुन्हा फवारा सुरू. रजा चालली होती, कॅनव्हासही चालले होते.

शेवटी ती भावाकडे गेली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये सापडला.

"वॉचमनची आठवण आली वाटतं?"

"तोंड वाकडं करू नकोस. चल."

"माझं नाव?"

"लागेल. आधी लागेल. शब्द माझा," ताई म्हणाली. कुणालाही न विचारता.

शिट्टी आला, खोलीच्या मध्यावर उभा राहिला आणि तासाभराने त्याने ती जुनी शिट्टी मारली. दाजी डबा फेकून सुसाट पळाले ते जिन्याच्या तळाशी जाऊन थांबले. धापा टाकत वर आले, तर समोर पुरं झालेलं चित्र! दाजी हरखले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण तू दाराकडे बघतच नव्हतास. चित्राकडे बघत होतास."

"नेहमी तिकडेच बघतो, दाजी."

"आणि पोलीस?"

"ते आले असतील चार-पाचदा. बाकी वेळी तुम्ही बिघडवायला लागलात की वाजवायचो."

दाजी उपड्या बादलीवर बसले. "पुलाखाली माझा गुडघा फुटला होता, लेका!"

"त्या हत्तीला टोपी घालायला निघाला होतात तुम्ही."

"आणि मी मूर्ख चौकीच्या धास्तीने देव पाण्यात घालून बसायचे!" ताई कडाडली. "माझ्या आयुष्याचं वाटोळं दोघांनी वाटून केलंत. आता उरलेले कॅनव्हास तरी नीट करा!"

दोन दिवस रुसून दाजी कामाला लागले. वाया गेलेल्या कॅनव्हासना पांढरा हात मारून ते पुन्हा घेतले. प्रत्येक चित्राखाली त्यांनी न सांगता शिट्टीचं नाव आधी घातलं. मॅडम एका बूट-कंपनीच्या साहेबांना घेऊन आल्या. त्यांना ही चित्रं बुटांच्या खोक्यांवर हवी होती, पण एकाच नावाने. "पहिलं नाव पुसा," मॅडम म्हणाल्या.

दाजींनी पांढऱ्या रंगाचा डबा उचलला. शिट्टी खिडकीबाहेर बघू लागला. मग दाजींनी डबा बायकोच्या हातात दिला. "शब्द हिचा आहे. पुसायचं तर ही पुसेल."

ताईने डब्याचं झाकण घट्ट लावलं. साहेब गेले. मॅडमनी प्रदर्शन मोठ्या हॉलमधून उचलून बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये टाकलं. तिथेही पाच चित्रं खपली.

आता हे प्रदर्शन कुणाला केवढ्याला पडलं ते बघा. मॅडमना काहीच नाही, त्यांनी आपला वाटा आधीच कापून घेतला. दाजींची बूट-कंपनी गेली. शिट्टीची पत गेली, तो वाजवतो आणि दाजी वळून विचारतात, "खरी की तुझी?" आणि त्यावर दोघांचं तासभर जुंपतं, ते ताईच्या बैठकीत, ताईच्या चहावर. वर्षाची सगळी रजा गेली तीही तिचीच.