लाल खुणेची फिन

संशय घेण्यात भिंगचा हात कोणी धरू शकत नसे. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे ओरखडे शोधायची, म्हणून विंडसर्फिंगच्या क्लबातल्या लोकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. दुकानात ती सवय सोन्यासारखी होती. पण संध्याकाळी शटर ओढल्यावर भिंग डोळ्यावरून उतरायचं, मनावरून काही उतरायचं नाही. शेजाऱ्याने सहज विचारपूस केली तरी ती घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "आज एवढा गोड का बोलला हा?" नवरा बिचारा हूं म्हणून पेपरात तोंड घालायचा.

तिच्या संशयाचा मोठा वाटा नणंदेच्या नावावर होता. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. वरच्या मजल्यावर राहायच्या आणि पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या. आवाज असा की शिट्टीची गरज पडायची नाही. भिंगला विंडसर्फिंग शिकवलं ते ताईंनीच. बोर्डावर उभं कसं राहायचं, शीड कसं धरायचं, पडल्यावर रडायचं का नाही, सगळं. शिकवता शिकवता चेली गुरूच्या बरोबरीला आली आणि मग जे व्हायचं ते झालं. दोघींचे बोर्ड एकाच गॅरेजमध्ये, एकाच मांडणीवर राहायचे. मनं मात्र वेगळी राहू लागली.

त्यात मागच्या वर्षीची भानगड. ऐन शर्यतीत भिंगच्या शिडाची दोरी तुटली आणि त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर ती म्हणाली, "दोरी तुटत नसते, कापली जाते." नाव घेतलं नाही, पण बघितलं ताईंकडे. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दोरी हातात घेऊन दाखवलं की ती कडीला घासून घासून झिजली होती. भिंगने "असेल" म्हटलं. चुकलं असं म्हटलं नाही. ताई तेव्हापासून कामापुरतंच बोलायच्या.

आज स्लॅलमची मोठी स्पर्धा होती. स्लॅलम म्हणजे वारा पाठीशी घ्यायचा आणि पाण्यात टाकलेल्या बोयांना नागमोडी वळसे घालत सुसाट सुटायचं. पहिला येईल तो खरा, बाकी सगळे पाणी प्यायला. क्लबाकडून राष्ट्रीय स्पर्धेला बायकांमधली एकच जण जाणार होती आणि क्लबात तोलामोलाच्या दोघीच होत्या. अंतिम फेरीत त्या दोघींतली जी पुढे राहील ती जाणार. ताई तीनदा जाऊन आल्या होत्या. भिंग एकदाही नाही. यंदा नाही तर कधीच नाही, असं तिने मनाशी घोकून ठेवलं होतं.

सकाळी गॅरेज उघडल्याबरोबर तिच्या डोक्यात किडा वळवळला. तिचा बोर्ड नेहमी दाराकडे टोक करून असायचा. आज टोक भिंतीकडे होतं. कोणीतरी काढून परत ठेवला होता. आणि गॅरेजच्या किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक ताईंकडे. ताईंना विचारता आलं असतं, त्या दहा पावलांवर शिडं गुंडाळत होत्या. पण विचारलं की संशय मरतो, आणि भिंगला आपले संशय पाळायला आवडायचं. तिने बोर्ड उचलला आणि निघाली.

उपांत्य फेरीत ती पहिली आली. बोर्ड लोण्यावरून सुरी फिरावी तसा चालला. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता, भिंग चरकली. आज एवढा चांगला कसा चालतोय? आणि ताई? ताई चौथ्या आल्या, कशाबशा अंतिम फेरीत पोहोचल्या. प्रत्येक बोयाला लांबून वळसा घेत होत्या, जपून जपून, हातात दुधाचं पातेलं असल्यासारख्या. ज्या बाईला वळणावर कोणी मागे टाकलं नाही ती आज जपून वळते? ही काहीतरी राखून ठेवतेय, भिंग मनाशी म्हणाली. अंतिम फेरीसाठी.

वाळूवर बसून डबा खाताना ताई जवळ आल्या. "छान वळलीस गं आज."

"हो का," भिंग म्हणाली. वर्षभरात या बाईने एक चांगला शब्द काढला नव्हता. आज का?

ताई काहीतरी बोलायला थांबल्यासारख्या वाटल्या. पण भिंगने डब्याचं झाकण लावलं, आणि तेवढ्यात पंचांनी स्पर्धकांना सूचना ऐकायला बोलावलं. ताई गेल्या. भिंग पाणी प्यायच्या निमित्ताने मागे राहिली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आपल्या बोर्डापाशी बसली.

बोर्डाच्या पोटाला पात्यासारखी फिन असते, माशाच्या पराएवढी पातळ. ती पाण्यात धरून ठेवते म्हणून बोर्ड सरळ जातो, नाहीतर केळीच्या सालीवरून घसरल्यासारखा आडवा जाईल. दोघींनी आपापल्या फिन एकाच दुकानातून, एकाच मापाच्या, एकाच काळ्या रंगाच्या आणल्या होत्या. अदलाबदल नको म्हणून भिंगने आपल्या फिनच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, ताईंच्या फिनवर पिवळा. फिन बसवली की डोकं खोबणीत जातं आणि ठिपका दिसत नाही. स्क्रू काढून तिने फिन उपसली.

पिवळा ठिपका.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ही चोरी! माझी फिन काढून स्वतःला लावली आणि आपली मला चिकटवली. माझी चांगली असणार, त्याशिवाय का घेईल? उपांत्य फेरीत हळू चालली ते उगाच, कोणाला कळू नये म्हणून. सगळं कसं फिट्ट बसलं. संशयाला एकदा खुंटी सापडली की तो हव्या त्या वस्तू तिच्यावर टांगतो.

ताईंचा बोर्ड शेजारीच पडला होता. भिंगने इकडेतिकडे बघितलं, त्याचे स्क्रू काढले, लाल ठिपक्याची फिन बाहेर घेतली आणि पिवळी तिथे बसवली. लाल आपल्या बोर्डाला. घाई होती. दिवसभर केसाएवढे ओरखडे शोधणाऱ्या बाईने फक्त ठिपका बघितला. पातं बघितलं नाही.

अंतिम फेरीआधी सगळे पाण्यात एकेक चक्कर मारून येतात. भिंगचा बोर्ड खालून गुणगुणत होता, बारीक, माशी भणभणावी तसा. वेगाचा आवाज, ती खूश होऊन म्हणाली. माझी फिन ती माझी फिन!

तेवढ्यात ताई वारा कापत तिच्याकडे येताना दिसल्या. एक हात सोडून त्या सारख्या बोर्डाच्या खाली दाखवत होत्या. तलावावरचा तो आवाज, पण वारा उलटा. अर्धे शब्द उडून जात होते. "...नको! अगं थांब... खाली...!"

कळलं तर, भिंग मनात म्हणाली. तुझी तुला परत मिळाली ते कळलं. आणि तिला आठवला ताईंचाच धडा, अगदी पहिल्या वर्षीचा: सुरुवातीच्या रेषेवर कोणी काही बोललं तर बघायचं नाही, ते तुझं लक्ष चोरतायत. गुरूची विद्या गुरूला. भिंगने शीड फिरवून पाठ केली.

झेंडा खाली आला. ती सगळ्यांच्या आधी सुटली. पहिला बोया, दुसरा बोया, पुढे कोणी नाही, फक्त पाणी आणि वारा. तिला वाटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं. तिसऱ्या बोयाला तिने टाच दाबून बोर्ड पूर्ण तिरपा केला, आणि खालून फाटकन आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. बोर्ड आडवा गेला. आभाळ, शीड, पाणी, सगळं एकत्र तोंडात.

डोकं वर काढलं तेव्हा बाकीच्या शेजारून सणसणत जात होत्या. ताईंनी जाता जाता वेग कमी केला आणि हात उंचावून विचारलं, ठीक आहेस ना? भिंगने तोंड फिरवलं. ताई क्षणभर घुटमळल्या, सुरक्षा बोट येताना बघितली आणि शीड भरून निघून गेल्या. पहिली दुसऱ्याच क्लबातली आली, ताई दुसऱ्या. राष्ट्रीय स्पर्धेची जागा त्यांची झाली.

किनाऱ्यावर भिंग तुटक्या फिनचा बुडखा हातात घेऊन उभीच होती. लाल ठिपका तसाच, खाली ताजा तुटलेला भाग पांढरा. आणि त्याच्या कडेला जुनी तड्याची रेघ, मळकट, आधीपासूनची.

"माझी फिन तुम्ही मोडलीत," ती म्हणाली.

"मोडली," ताई म्हणाल्या. "परवा माझ्या बोर्डाचं काम निघालं होतं म्हणून तुझा नेला. न विचारता. खडकावर आपटला. बारीक तडा गेला."

भिंग या कबुलीला तयार नव्हती. तिने भांडायला मोठा श्वास घेतला होता, तो छातीतच राहिला.

"म्हणून माझी चांगली तुला लावली," ताई म्हणाल्या, "आणि तडकलेली मी घेतली. मी जपून वळले असते. तुला जपून वळता येत नाही. सकाळभर ती पायाखाली गुणगुणत होती. अंतिम फेरीआधीच्या चकरेत माझी गप्प झाली, तेव्हा कळलं. परत कोणी बदलली?"

वाळूत बघत भिंग म्हणाली, "सांगितलं असतंत तर?"

"तुला? सगळ्यांसमोर परत जेवताना माझ्याकडे बघायला? डब्यापाशी आले होते सांगायला. तू झाकण लावलंस." ताईंचे डोळे भरले होते, आणि त्या चिडल्याही होत्या. "तू विचारलं असतंस तर? माझी चूक आहे, ती मी मानते. पण जागा तुला देणार नाही. फिन मी मोडली. हरलीस तू तुझ्या हाताने."

हे शब्द भिंगला झोंबले, कारण त्यांत कुठेही खोट सापडेना. तिने पुष्कळ शोधली.

रात्री तेच टेबल, तीच माणसं. नवऱ्याने वाढून घेत विचारलं, "फिन तुटली म्हणे? कशी काय?"

ताईंचा घास हातातच राहिला. त्या भिंगकडे बघेनात.

"ताईंच्या हातून तडकली होती," भिंग म्हणाली. "त्यांनी मला स्वतःची चांगली लावून दिली. मला वाटलं माझी चोरली. म्हणून मी चोरून परत बदलली आणि तडकलेली लावून घेतली." मग ती पुढे म्हणाली, "आणि ती दोरीसुद्धा कोणी कापली नव्हती. झिजली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

नवऱ्याने एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि शहाण्यासारखा वरणाकडे वळला.

ताटं उचलताना ताई म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याबरोबर सरावाला येशील? राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत?"

भिंगच्या मनात किडा लगेच वळवळला. जिंकली ही, जाणार ही, मग मी कशाला हवी? यात हिचं काय? जुनी भिंग हा प्रश्न उशाखाली घेऊन झोपली असती.

"का?" तिने मोठ्याने विचारलं.

ताईंनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

"तू मागे असलीस की मी भीतीने वेगात जाते," त्या म्हणाल्या. "बास, एवढंच."