आवाज बंद ठेवून तपासलेले सिनेमे

बावीस वर्षं गोदामात स्पेअर पार्ट सांभाळलेल्या माणसाच्या घरी तीन हजार सिनेमे असले, तर ते नंबर टाकून रचलेले असणार, हे काही सांगायला नको. तिच्या नवऱ्याचे होतेच. मागच्या खोलीत छतापर्यंत रॅक आणि रॅकवर डीव्हीडी. खोलीत माणसाला टेकायला जागा नव्हती, पण त्याचं याला काहीच नव्हतं. याला सिनेमे बघायचे कुठे होते? याला ते घरात असायला हवे होते.

बघायचे ते तिचे सासरे, म्हणजे अण्णा, आणि ती. म्हणजे सासरे बघायचे आणि ती ऐकायची. छापखान्यात प्रुफं तपासणारी बाई, एक मात्रा सुटायची नाही तिच्या नजरेतून; चाळिशी उलटली आणि त्याच डोळ्यांनी दगा दिला. दोन वर्षांत सगळा अंधार. सासऱ्यांनी उभी हयात थिएटरात प्रोजेक्टर चालवला होता. ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायचे. आता बाई जिना उतरतेय, आता पत्र फाडतेय, अगं फाडू नको, फाडलं बघ. मग त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा म्हातारा माइक घेऊन आला. सिनेमा लावायचा, सोबत स्वतः बोलायचं आणि दोन्ही मिळून नव्या डीव्हीडीवर उतरवायचं. मी गेल्यावर तुला कोण सांगणार, म्हणाले. असे एक्केचाळीस सिनेमे झाले आणि मग ते गेले.

गेली तीन वर्षं रोज दुपारी ती त्यातला एक लावायची. सगळ्यात जास्त वेळा लावला असेल तो बाप-लेकीचा. त्यात शेवटी बाप मुलीला वसतिगृहात सोडतो आणि फाटकापाशी थांबतो. तिथे शब्द नाही, संगीत नाही, नुसती शांतता. त्या शांततेत सासऱ्यांचा आवाज यायचा, "सूनबाई, बोलत नाहीये तो. पण रडतोय बरं का. हनुवटी थरथरतेय." मग जरा थांबून, "चहा घे, गार होतोय." हे माइकसमोर आहोत याचा विसर पडून बोललेलं. पण प्रत्येक वेळी तिचा हात कपाकडे जायचा. कप असो वा नसो.

नवरा निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात सर्व्हरचं खूळ शिरलं. सगळे सिनेमे एका डब्यात, टीव्हीसमोर नुसतं नाव घेतलं की सुरू. डबा आला, चार हार्ड डिस्क आल्या, दिवसभर घरघरणारा पंखा आला. एका डिस्कवर जे जे असेल ते दुसरीवरही आपोआप राहतं, एक बंद पडली तरी काही हरवत नाही, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवू लागला. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. एकेक डीव्हीडी डब्यात उतरवण्याआधी तपासायला त्याने प्लेअर जुंपला, त्यामुळे सहा आठवडे तिचा दुपारचा सिनेमा बंद. तोही खूश आहे, आपलीही सोय होतेय, असं तिला वाटलं. भोळी कुठली!

एका सकाळी ती कणीक मळत होती आणि त्याने दारातून विचारलं, की चाळीसेक सिनेमे दोनदोनदा आलेत, त्यातली एकेक कॉपी काढून टाकू का. ती म्हणाली, टाका की. हात पिठात, मन भलतीकडे. एवढंच बोलणं झालं.

कॉपी काढणं त्याच्या प्रोग्रॅमने केलं. एकाच नावाच्या दोन फाइल असल्या की चित्र चांगलं ती ठेवायची, दुसरी उडवायची. उडवलेली दोन्ही डिस्कवरून एकदमच उडते, हे त्याने दूधवाल्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येऊन डीव्हीडींची पोती घेऊन गेला आणि मागची खोली रिकामी झाली.

मग त्याने तिला खुर्चीत बसवलं, रिमोट हातात दिला आणि म्हणाला, घे नाव. तिने बाप-लेकीच्या सिनेमाचं नाव घेतलं. सिनेमा सुरू झाला. पावलं वाजली, दार उघडलं. सासरे बोलले नाहीत.

तिला वाटलं, आवाज कमी असेल. तिने तो वाढवला. पावलंच मोठी झाली.

"अण्णांची कॉपी कुठंय?" तिने विचारलं.

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा म्हणाला, ती भुरकट वाली होय, ती काढली. अण्णा त्यात बोलत होते, हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हाताऱ्याने सुनेसाठी काहीतरी उतरवून ठेवलंय एवढंच त्याला ठाऊक. भिंतीपलीकडे सहा वर्षं ते बोलणं चालू होतं, हा एकदाही येऊन बसला नाही. पण प्रत्येक सिनेमा तर तो स्वतः तपासत होता ना, तिने विचारलं.

"चित्र तपासायचो. आवाज बंद ठेवून," तो म्हणाला. मग वैतागून, "आणि तुला विचारूनच काढलं ना?"

हे मात्र खरं होतं, आणि तेच तिला झोंबलं. भंगारवाल्याला फोन झाला. माल त्याच दिवशी भट्टीत गेला होता. ती रडली नाही. रडून कुणाला दाखवायचं होतं?

तो ओशाळला असावा. म्हणाला, सोड ना, मी सांगतो तुला, त्यात काय आहे एवढं. खुर्ची ओढून शेजारी बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसला. सुरुवातीला सांगितलंही काहीबाही, माणूस आला, माणूस गेला. मग सांगायचं विसरून स्वतःच बघत बसला. पंखा तेवढा घरघरत राहिला.

फाटक आलं. शब्द थांबले, संगीत थांबलं. ती वाट बघत राहिली.

"आता काय चाललंय?"

"काही नाही. नुसता उभाय."

"तो रडतोय," ती म्हणाली.

तो पुढे वाकला असावा, खुर्ची करकरली.

"अरे हो की," तो म्हणाला, "आणि चित्र काय स्वच्छ दिसतंय!"

तिचा हात कपाकडे गेला होता. तिथे रिमोट होता. तिने बटण चाचपलं आणि सिनेमा बंद केला.