चौथा स्लीव्ह

फुआद टूफीने इंजिनाचा ब्लॉक आमच्या बाकावर असा आदळला की कपातला चहा बशीत आला.

"घ्या, बूता इगशान, हे तुमचं काम! तिसऱ्याच शर्यतीत हेडगास्केट उडालं. अख्ख्या ॲथलोनच्या डोळ्यांदेखत गाडी ढकलत परत आणली मी."

डेडा, म्हणजे माझे वडील, चष्मा काढून पुसायला लागले. आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला बूता म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ.

"मला कळलंय सगळं," फुआदने माझ्याकडे हनुवटी उडवली. "हल्ली मशीन ही चालवते. शिक्का तुमचा नि हात हिचे! अहो, बाईमाणसाने रोटी लाटावी. बोअरिंग मशीनवर काय काम तिचं?"

दारात त्याचे दोन दोस्त उभे होते. ते फिदीफिदी हसले. मी डेडांकडे पाहिलं. 'तौखीदाचं काम माझ्याइतकंच चोख आहे' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते आपले चष्मा पुसत राहिले. मला फुआदपेक्षा त्या फडक्याचाच जास्त राग आला.

हल्ली म्हणे! शाळा सुटल्यापासून मी त्या मशीनवर आहे. आमच्या ॲथलोनसकट अख्ख्या केप टाउनात शर्यतीच्या गाड्या पळतात, त्यातल्या कितीतरी माझ्या हातच्या भोकांवर पळतात. टर्बो लावलेल्या इंजिनाचा जोर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला सोसत नाही. मग सिलिंडरच्या मूळ भिंती कोरून काढायच्या आणि तिथे जाड लोखंडी नळकांडी बसवायची. तेच स्लीव्ह. ब्लॉक ओव्हनमध्ये तापवला की त्याची भोकं फुलतात, स्लीव्ह कोरड्या बर्फात ठेवला की आकसतो. सोडला की आपल्या वजनाने खाली जातो आणि ब्लॉक त्याला धरतो. पण धरला म्हणजे बसला असं नाही. गार स्लीव्ह तापायला लागला की बैठक सोडून वर सरकू बघतो. म्हणून लगोलग वरून पट्टी घालून बोल्ट आवळायचे आणि ब्लॉक निवेपर्यंत सोडायचे नाहीत. हे मला डेडांनीच शिकवलं. विसरले की टपली बसायची.

आणि दुकानाची एक रीत होती. पहिले तीन स्लीव्ह मी टाकायचे, शेवटचा डेडांनी. तो बसला की ब्लॉकच्या बगलेत त्यांची अक्षरं ठोकायची, आय. जी., इगशान गमिल्दीन. गिऱ्हाईक आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं, मगच ब्लॉक उचलायचं. माझं अक्षर कुठेच नव्हतं.

मी केसभर उंचसखलही सुईवर दाखवणारा डायल गेज काढला आणि फुआदसमोरच ब्लॉकवर फिरवला. पहिल्या स्लीव्हवर सुई हलली नाही. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर गेली आणि सटकन मागे पडली. चौथा खाली बसला होता, म्हणून ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यातलं पॅकिंग, ते हेडगास्केट, तिथेच उडालं. म्हणजे आधी तो बैठकीवर टेकलेलाच नव्हता.

तेव्हा मला तो शुक्रवार आठवला. ब्लॉक ओव्हनमधून काढला, तीन स्लीव्ह मी टाकून आवळले, आणि डेडा म्हणाले, "चौथा मी बघतो. तू जा, मासळीची रांग वाढेल." मी अजून तळलेल्या मासळीच्या दुकानापुढे रांगेतच होते तेव्हा मशिदीची बांग झाली, आणि समोरून डेडा डोक्यावर टोपी चढवत लगबगीने गेले. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटलं. एवढ्या वेळात पट्टी लावून बोल्ट आवळून होत नाहीत. ते लावलेच नव्हते.

डेडांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. तरी फडकं फिरतच राहिलं.

"बूता फुआद, ब्लॉक इथेच राहू द्या," मी म्हणाले. "चारही स्लीव्ह नव्याने मी टाकणार. चौथासुद्धा. तुमच्यासमोर. आणि शिक्का माझा बसणार."

"आणि पुन्हा बसला नाही तर?"

"तर मशीनची किल्ली डेडांना देईन आणि तुमच्या घरी येऊन रोट्या लाटीन. शुक्रवारी या. जुम्म्याच्या जरा आधी."

"शुक्रवारी?" डेडा पहिल्यांदा बोलले. "त्या वेळी कशाला? गुरुवारी कर. कनाला, तौखीदा."

ते कुणाला 'कनाला' म्हणत नाहीत. विनवणीचा शब्द आहे तो, आणि आमचे डेडा विनवण्या करणाऱ्यांतले नाहीत. तरी मी म्हणाले, "शुक्रवारीच."

मधल्या दिवसांत मी चारही जुने स्लीव्ह कोरून काढले. माझे तीन चांगले असताना ते कापायचं जिवावर आलं, पण ब्लॉक पुन्हा तापवला की तेही सुटणारच. मग नव्या स्लीव्हच्या मापाने भोकं वाढवली. डेडा मशीनपाशी यायचे, उभे राहायचे, जायचे. घरी आम्ही दोघं मम्मीमार्फत बोलत होतो. "तिला सांग मीठ दे." "त्यांना सांग समोरच आहे." मम्मी वैतागून म्हणाली, "मी काय टपाल खातं आहे का?"

शुक्रवारी फुआद आला. दोस्तांना घेऊनच आला. बरंच झालं. आमचा ओव्हन एका बंद पडलेल्या बेकरीतला आहे, तापला की अजून पावाचा वास सुटतो. ब्लॉक बाहेर काढला, हातमोजे चढवले, बर्फातून पहिला स्लीव्ह उचलला. धूर सोडत होता तो. मधोमध धरला, सोडला. टण्ण! पट्टी, बोल्ट. दुसरा. तिसरा. हा आवाज मला फार आवडतो. बैठकीवर टेकलेल्या लोखंडाचा आवाज खोटं बोलत नाही.

चौथा हातात घेतला आणि बांग सुरू झाली.

डेडांचा हात आपसूक टोपीकडे गेला आणि तिथेच थांबला. मी त्यांच्याकडे बघतच स्लीव्ह सोडला. टण्ण. बांग चालू होती. मी पट्टी घातली, एकेक बोल्ट आळीपाळीने आवळला, पुन्हा पहिल्यापासून आवळला. घाई केली नाही. मुद्दाम नाही केली.

"झालं," मी म्हणाले. "आता जा सगळे नमाजाला. हा इथेच असेल."

ते गेले. मी स्टूल ओढलं आणि ब्लॉकसमोर बसले. उरलेलं आयुष्य मी कुठे काढणार ते त्या चार भोकांत होतं.

परत येताना मासळी डेडांनीच आणली. चिप्सवर व्हिनेगर ओतून सगळ्यांनी कागदातच खाल्लं. फुआद मधून मधून ब्लॉकला हात लावून बघत होता. "निवला की." "नाही निवला," मी म्हणत होते. अखेर निवला. मी पट्ट्या सोडल्या आणि डायल गेज डेडांच्या हातात दिला.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यावर आले तेव्हा दुकानात कुणी चघळतही नव्हतं. सुई जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. नाही हलली.

डेडांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"फुआद, मागचा चौथा स्लीव्ह मी टाकला होता. बांग झाली आणि पट्टी न लावताच गेलो. आलो तेव्हा तो केसभर वर आला होता. चालेल म्हटलं, आणि मशीनवर माथा घासून सपाट केला. शर्यतीत तो खाली बसला. तीन हिचे होते. ते हलले नव्हते, तू सुई पाहिलीस."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत, बूता?"

"त्या दिवशी चष्मा पुसत होतो."

फुआद हातातल्या चिप्सकडे बघत पुटपुटला, "म्हणजे मी हिला उगीचच..."

"उगीचच," मी म्हणाले. "पण मोठ्याने म्हणा. तेव्हा दारापर्यंत ऐकू गेलं होतं, आजही जाऊ दे."

त्याने मान वर केली. दारातल्या दोस्तांकडे पाहिलं. "उगीचच बोललो," तो म्हणाला. चांगलं खणखणीत म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

डेडांनी अक्षरांचे ठसे आणले. टी त्यांनी आधीच वेगळा काढून ठेवला होता. ब्लॉक कुशीवर वळवला, आपल्या आय. जी. वरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "ठोक. माझ्या खाली जागा आहे."

एवढं सगळं होऊन पुन्हा खालीच!

"वरही आहे," मी म्हणाले आणि हातोडा उचलला.

टी वर बसला. जी ठोकताना ब्लॉक हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.