संदेशभावोजींचं सहावं प्रकरण

माझे दीर संदेशभावोजी मुंबईत बसून कादंबऱ्या लिहितात. लिहा की बापडे, माझं काय जातंय! पण या खेपेला प्रकाशकानं त्यांना सांगितलं, एखाद्या प्रकरणावर असा परिच्छेद लिहा की वाचणाऱ्यानं पुस्तक मागवलंच पाहिजे. तर यांना प्रकरण सुचलं कुठलं? सहावं! बुडालेल्या माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागतं, ते.

माझा नवरा स्वरूप, भावोजींचा सख्खा भाऊ, गेल्या वर्षी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून माझ्या गळ्यात अजून मंगळसूत्र आहे आणि सासूबाई रोज त्याच्या वाटणीचा भात शिजवतात.

भावोजींनी परिच्छेद थेट आमच्या पूर्णगड गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ‘पहाटे खाडीच्या तोंडाशी स्वरूप लागला. चेहरा राहिला नव्हता. आईनं पावलं तेवढी ओळखली.’ नावसुद्धा बदललं नाही मेल्यानं! ‘माझ्या नव्या कादंबरीतून’ हे पार तळाला. तिथवर वाचतंय कोण? दोन ओळींतच बायांनी डोळ्यांना पदर लावले.

दुपारी शेजारची हौसाकाकी दारात. हातात झाकलेलं पातेलं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, कडू घास शेजारी आणतात. मला बघताच तिनं गळा काढला.

“अगो काकी, खोटं आहे ते! कादंबरी आहे!” मी मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवला. ती बिचारी ओशाळली, पातेलं उचलायला लागली.

“ऱ्हाव दे गो हौसा,” आतून सासूबाई म्हणाल्या. बाहेर येऊन बसल्या आणि तिच्या पातेल्यातल्या भातात हात घातला. मी मनगट धरलं.

“आई, भावोजींनी मनचं लिहिलंय सगळं. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय गो. मी काय येडी? पन दमले मी. त्यानं लिवलंय, आईनं पोराची पावलं बघितली. मला तेवढी तरी बघायला मिळाली.”

त्यांनी घास गिळला. रडल्या नाहीत. दुसरा घास माझ्या तोंडाशी धरला. “खा. तू पन सुट.”

जीव तुटत होता माझा. पण मी तोंड घट्ट मिटून घेतलं. तेव्हापासून या घरात मी एकटीच त्याची वाट बघते.