बेसिनसाठी आखलेली जागा

निळ्या चिकटपट्टीचा एवढासा तुकडा फरशीला धरून राहिला होता, बाकीचा चौकोन कुणीतरी ओढून काढलेला... आणि वाकून बघायच्या आधीच तिला कळलं, बेसिन हलवलंय. काल तिनं स्वतः पट्टी लावून जागा आखली होती — इकडे तिची पहिली मडकी, तिकडे ती माणसाएवढी काळी मातीची शिल्पं, आणि मधोमध बेसिन. पांढरं, साधं, हात धुवायचं बेसिन. आता तिथं झाडाची कुंडी होती. कुंडी! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? कुणाच्या म्हणजे काय, लेकीच्याच. आईच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लेकच मांडत होती, आणि त्यातली अकरा वर्षं ढेकरही न देता गिळून मोकळी!

प्रदर्शनाच्या पुस्तिकेतही तेच. 'यानंतर काही काळ त्या कलेपासून दूर होत्या.' दूर? कमोड-बेसिनांच्या कारखान्यात अकरा वर्षं दिवसभर कोपरापर्यंत मातीत होते मी — आणि म्हणे दूर! नवरा गेलेला, पदरात पोर, मडकी कोण घेत होतं तेव्हा... पण नुसतं पोटासाठी केलं म्हणावं तर तेही खोटंच. भट्टीत माती कुठं किती आकसते, कुठली कड दगा देते, हे तिथंच तर कळलं. आज लोक त्या काळ्या शिल्पांपुढं तोंडात बोटं घालतात, पण ती उभी आहेत ती त्या बेसिनांच्या जिवावर. आणि हे बेसिन तर तिचं स्वतःचं, तिनं आखलेलं, तिनं घडवलेलं. त्याच्या कडेचा तो हलका उतार साधायला महिना घातला होता तिनं. किती घरांत किती माणसांनी त्यात तोंडं धुतली असतील, एकाला तरी पत्ता आहे?

"आई, आधी चिडू नकोस," दिवे लावता लावता लेक शिडीवरूनच म्हणाली.

"चिडू नको तर काय पाठ थोपटू तुझी? बेसिन कुठाय?"

"आत, खोक्यात. लोक हसतील गं."

"हसू देत. हसून झालं की बघतील. त्याच बेसिनांवर मोठी झालीस तू, आणि आता तुला लाज वाटते?"

लेक शिडीवरून उतरली. सावकाश. ओरडली असती तर बरं झालं असतं; ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

"शाळेत मला संडासवालीची मुलगी म्हणायचे," ती म्हणाली. "मी वर्गात शिरले की पोरं नाक धरायची. सगळा वर्ग हसायचा."

"कधी बोलली नाहीस मला?"

"तू घरी यायचीस तेव्हा तुझ्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. काय बोलणार होते?"

एवढ्या वेळात घासून धार लावून ठेवलेले शब्द आता फेकायचे कुणावर? ते त्या पोरांवर फेकावेत तर ती पोरं आता टक्कल पडलेले बाप्ये झाली असतील. लेकीवर फेकावेत तर... राग तसूभर कमी झाला नव्हता. बेसिन इथं हवंच, हे तिला अजूनही म्हणायचं होतं. पण सगळा वर्ग हसायचा, म्हणजे कोण कोण? त्यातून सुटायला, एखाद्या दिवशी, माझी पोरगीही हसली असेल का त्यांच्यात — आईला?

लेक समोरच उभी होती, विचारलं असतं तर सांगितलंही असतं तिनं. आणि आज पहिल्यांदाच आईला भांडण नको झालं.