पाहुणी समजा

केतकी मराठी मंडळाच्या हेल्पलाइनवरून फोन करायला लागली ती दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात. बेंगळुरूतली जी मराठी माणसं पॉझिटिव्ह येऊन घरीच थांबली होती, त्यांना रोज फोन करायचा, ताप आणि ऑक्सिजन विचारायचा, काही वावगं वाटलं तर मंडळाच्या डॉक्टर प्रांजलीला कळवायचं, एवढंच काम. पुण्याहून लग्न होऊन ती जे. पी. नगरला आली त्याला फार वर्षं झाली नव्हती. कन्नड तिला दुकानात लागेल तेवढंच यायचं. नवरा मुकुल आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचा, तेव्हा ती बाल्कनीत बसून फोन लावायची. खाली रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

लोक आजाराचं नाव घेत नाहीत, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. एक बाई म्हणायच्या, आग आहे हो, शेजारच्या घरातून आमच्याकडे आली. एक शिक्षक म्हणायचे, निसर्ग घर झाडून काढतोय, आपण केर. टीव्हीवर तर लाट होती आणि योद्धे होते.

राजाजीनगरच्या अरविंद सोमणांकडे युद्ध होतं. सरकारी कारखान्यात रडार बनवण्यात त्यांची हयात गेली होती. मुलगा परदेशात, घरात ते आणि हेमलताकाकू. काकूंना आजार शिवून गेला आणि त्या उठल्या. काकांना मात्र त्यानं धरलं.

"काका, आज कसं वाटतंय?"

"शत्रू उजव्या बाजूनं आत आलाय. डावीकडे अजून आपलाच ताबा आहे."

आकडे ते चोख सांगायचे. पण एके दिवशी काकूंनी फोन ओढून घेतला. "अगं, हे झोपतच नाहीत. बिछान्यात ताठ बसून दाराकडे बघत असतात. म्हणतात, पहारेकऱ्यानं डोळा मिटला की ठाणं गेलं. तू तरी सांग बाई काहीतरी."

केतकीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "काका, युद्ध राहू दे. पाहुणी समजा. न बोलावता आलीय, कबूल. पण आलीच आहे तर राहील थोडे दिवस आणि जाईल आपल्या घरी. पाहुणी आली म्हणून आपण झोपायचं सोडतो का?"

पलीकडे काका उशीला टेकल्याचा आवाज आला.

"पाहुणी," काका म्हणाले. "बरं. सरी."

त्या रात्री ते झोपले. काकूंनी सकाळी आपणहून फोन करून सांगितलं. केतकीनं ही गोष्ट हेल्पलाइनच्या ग्रुपवर टाकली. बाकीच्यांनीही मग तसंच सांगायला सुरुवात केली. प्रांजलीनं लिहिलं, छान युक्ती आहे, घाबरून श्वास अडकण्यापेक्षा बरी.

काकांचा ताप उतरत गेला. बोलणंही मवाळ झालं. एकदा म्हणाले, "तुमची पाहुणी तशी गरीब आहे. वेताच्या खुर्चीत बसून असते. फक्त चपला काढत नाही."

केतकी हसली. "म्हणजे लवकर निघायचा बेत दिसतोय."

"तसंच असावं," काका म्हणाले. ते हसले नाहीत.

त्याच सुमारास महांतेशचं नाव तिच्याकडे आलं. चिकोडीकडचा पोरगा, पंचविशीतला, यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या वखारीत कामाला. वखारीच्या वरच एका खोलीत राहायचा. बाजार जवळजवळ बंद, बरोबरीचे सगळे गावी निघून गेलेले. मालक मल्लाप्पा जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून जायचे, तेवढीच माणसाची चाहूल. पहिल्या फोनलाच तो रडला.

"अक्का, आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची, देवी आली. अम्मा आली म्हणायची. तिला लिंबाचा पाला वाहायचा, दही-भात द्यायचा. मला एकट्याला हितं कोण काय सांगणार?"

"देवी नको, पाहुणी समज," केतकीनं त्यालाही सांगितलं. "घाबरायचं नाही. राहील आणि जाईल."

तीन-चार फोन ठीक गेले. महांतेश जेवत होता, झोपत होता. मग एका दुपारी म्हणाला, "अक्का, पाहुणीला चहा विचारला. नको म्हणली. मी म्हटलं, चपला तरी काढा की, बाहेर ठेवा. तर खुर्चीत खाली मान घालून बसली."

चपलांचं ती त्याला काही बोलली नव्हती. कुणालाच बोलली नव्हती. तिनं ग्रुपवर जाऊन स्वतःचे सगळे मेसेज वाचून काढले. त्यात चपला कुठेच नव्हत्या.

तिनं प्रांजलीला विचारलं. प्रांजली थकलेल्या आवाजात म्हणाली, "ऑक्सिजन कमी झाला की असं होतं गं. माणसं दिसतात, बोलतात. आणि आपल्याकडे घरात आलेलं कुणी चपला घालून बसलं तर डोळ्याला खुपतंच. दोघांना एकच गोष्ट खुपली, त्यात काय! तू आकडे बघ."

आकडे तेव्हा ठीक होते. केतकीनं विषय सोडला.

पुढच्या रविवारी ती राजाजीनगरला फोन लावणार, एवढ्यात काकूंचाच आला. त्या रडत नव्हत्या. अगदी सावकाश, एकेक वाक्य ठेवल्यासारखं बोलत होत्या.

"जेवण झाल्यावर हे उठले. शर्ट बदलला. मी म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाले, पाहुणी निघालीय, तिला फाटकापर्यंत पोचवून येतो. मी स्वयंपाकघरात होते. वाटलं, बरं वाटतंय म्हणून अंगणात चाललेत. बराच वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेले. फाटक उघडं. हे पायरीवर बसलेले, कट्ट्याला टेकून. हात असा वर, कुणाला निरोप दिल्यासारखा. गार पडले होते गं."

केतकी उठून उभी राहिली.

"आलेल्या माणसाला फाटकापर्यंत सोडायचं ही यांची सवयच होती," काकू म्हणाल्या. "मग केतकी, ठेवू मी?"

फोन खाली ठेवल्यावर केतकीला एकच आठवलं. महांतेशला फोन करायचा राहिला होता. तिनं ताबडतोब लावला. कितीतरी वेळ वाजत राहिला. मग त्यानं उचलला.

"महांतेश, ऑक्सिजन सांग."

"बघितला न्हाई."

"आत्ता बघ. बोटाला लाव."

खुडबुड झाली. "एकोणनव्वद… अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. मध्ये श्वास घ्यायला थांबला. केतकीनं दुसऱ्या फोनवरून प्रांजलीला लावला. प्रांजलीनं कुठूनशी एका केंद्रात ऑक्सिजनची खाट मिळवली आणि सांगितलं, तासाभरात पोचला पाहिजे. मल्लाप्पा आपला टेम्पो घेऊन यायला तयार झाले. सगळं जमलं आणि महांतेश म्हणाला, "मी न्हाई येत, अक्का."

"अरे, काय बोलतोस?"

"पाहुणी घरात बसलीय. तिला टाकून मी कसं जाऊ? आमच्यात असं करत न्हाईत. ती बिचारी कुणाकडं बघंल?"

"महांतेश, तिथं कुणी नाही. मी उगाच म्हणाले होते तसं. तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते. पाहुणी वगैरे काही नसतं."

"असं बोलू नका तिच्यासमोर," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तिला समजतं."

खाली मल्लाप्पा टेम्पोचा हॉर्न वाजवत होते, तो फोनमधून ऐकू येत होता. जिना चढून वर यायला ते घाबरत होते. त्यांच्या घरात म्हातारी आई होती. केतकीनं पोराला आईची शपथ घातली, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. तो ऐकेना. त्याच्या प्रत्येक वाक्यात आता दोन-दोन श्वास लागत होते. आजाराला दिलेलं हे नाव तिनंच त्याच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं, आणि ते आता तिच्या सांगण्यानं उठत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "फोन तिच्याकडे दे."

"काय?"

"पाहुणीकडे दे. मला बोलायचंय. स्पीकर लाव आणि खुर्चीवर ठेव."

फरशीवर पाय घासत गेल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. केतकी बाल्कनीत उभी राहिली. आपण काय बोलणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तिला स्वच्छ जाणवलं की पलीकडे कुणीतरी ऐकतंय. महांतेशचा धापा टाकणारा श्वास लांबून, भिंतीकडून येत होता. फोनजवळ दुसराच श्वास होता. संथ. कसलीच घाई नसलेला.

"बाई," केतकी म्हणाली. "त्या पोराकडे आता काही उरलं नाही. त्याला दवाखान्यात जाऊ द्या. तुम्हाला कुठेतरी बसायचंच असेल तर…" ती थांबली. मागे खोलीत मुकुल कुणाशी तरी हसून बोलत होता. "तर माझ्याकडे या. बन्नी. आमच्याकडे या."

खुर्ची कुरकुरली. तेवढंच.

मग महांतेशचा आवाज आला, एकदम मोकळा, लहान मुलासारखा. "उठली, अक्का. तुमच्याकडं येते म्हणली. मी निघू?"

"पळ," केतकी म्हणाली.

तो वाचला. केंद्रात त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, एकदा तर प्रांजलीनंही आशा सोडली होती, पण वाचला. ही बातमी आली तेव्हा केतकी स्वतः अंथरुणावर होती. घसा, ताप, मग वास गेला. मुकुल हॉलमध्ये झोपायला लागला आणि तिचं ताट दाराबाहेर ठेवायला लागला. आजारी पडायला कारणं पुष्कळ होती. औषधाच्या दुकानातली गर्दी होती, लसीची रांग होती. तिनं स्वतःला तीच सांगितली.

खोलीतली खुर्ची मात्र तिनं पहिल्याच दिवशी मुकुलला बाहेर न्यायला लावली. मनात कसलंही चित्र येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. ताप म्हणजे ताप. खोकला म्हणजे खोकला. दुसरं नाव द्यायचं नाही. अंग फणफणलं की ती थर्मामीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचायची.

खरोखरच तिला कुणी दिसलं नाही. फक्त एका संध्याकाळी दार वाजलं आणि बाहेरून मुकुलनं विचारलं, "झोपायचं सोडून कुणाशी बोलत बसलीयस?"

"मी? मी झोपले होते."

"अगं, अर्धा तास ऐकतोय. फोनवर होतीस ना?"

केतकीनं उशीजवळ चाचपून पाहिलं. "फोन कुठाय माझा?"

बाहेर मुकुल दारापासून मागे सरकला. मग म्हणाला, "माझ्याकडे आहे. दुपारी चार्जिंगला दिला होतास."

त्यानंतर ते दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. ताप उतरला, वास परत आला. सगळ्यात आधी फोडणीतल्या हिंगाचा आला, तेव्हा ती दाराशी बसून रडली.

बाजार उघडले, रस्ते भरले, तशी ती राजाजीनगरला हेमलताकाकूंना भेटायला गेली. काकूंना तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. बारीक चणीच्या, ताठ कण्याच्या. त्यांनी तिला आत नेलं आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

केतकीनं वाटेत जे घोकलं होतं ते बोलून टाकलं. "काकू, पाहुणीचं मी काकांच्या डोक्यात घातलं. मी ते बोलले नसते तर ते फाटकापर्यंत गेले नसते."

"वेडी आहेस का!" काकू म्हणाल्या. "हृदय थांबलं त्यांचं, डॉक्टरांनी सांगितलंय मला. कॉटवर थांबायचं ते पायरीवर थांबलं. उलट तू ते बोललीस आणि हे झोपले. शेवटचे दिवस माणसासारखे गेले त्यांचे. चिडचिड नाही, भीती नाही. तुझे उपकार आहेत."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"एक विचारू? तू यांच्याशी मराठीतच बोलायचीस ना?"

"हो. मला कन्नड येत कुठे?"

"यांनाही येत नव्हतं. चाळीस वर्षं राहिलो इथे. मी शिकले, धारवाडची माझी मावशी, लहानपणापासून कानावर होतं. यांचं मात्र स्वल्प आणि सरीच्या पुढे गेलं नाही. भाजीवाल्याशी बोलायलाही मीच लागायची. आणि त्या दिवसांत मी दाराबाहेरून ऐकायची, हे त्या पाहुणीशी घडाघडा कन्नड बोलायचे. जुनं कन्नड, खेड्यातलं. मलासुद्धा काही शब्द कळायचे नाहीत."

केतकीनं तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काय बोलायचे?"

"तिची चौकशी करायचे. कुठून आलात, पायी आलात का, असं." काकूंनी दाराकडे पाहिलं. "मुलं किती, विचारायचे. कुठे असतात, विचारायचे. मग गप्प राहून ऐकायचे. पुष्कळ वेळ ऐकायचे. आणि एकदा, केतकी, मी माझ्या कानांनी ऐकलंय, हे हमसून हमसून रडले आणि म्हणाले, सगळीच? एकही नाही राहिलं?"